गाव जंगलात, समिती गोंदियात: अडचणीतल्या मुलापर्यंत मदत पोहोचते कशी?

'अपघातात आई-वडील गेले, दोन लहान मुली आहेत. कुणाला दत्तक घ्यायच्या असतील तर खालच्या नंबरवर फोन करा.'

असा मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲपवर कधीतरी आला असेल. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तर असे मेसेज इतके फिरले, की त्यांना बळी पडू नका असं सरकारी यंत्रणेला जाहीरपणे सांगावं लागलं.

मेसेज पुढे पाठवणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण अनाथ मुलाला असं परस्पर देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८० नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाची खरेदी-विक्री झाली असेल तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते.

मग अशा मुलांसाठी करायचं काय? शहरात पोलीस स्टेशन, सरकारी कार्यालय, बालगृह सगळं तासाभराच्या अंतरावर असतं. पण मूल गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी किंवा सालेकसा तालुक्यात, जंगलाच्या कडेला असलेल्या टोल्यावर असेल तर? तिथपर्यंत कायदा कसा पोहोचतो आणि कुठे अडतो, ते समजून घेऊ.

आधी गोंदियाचा नकाशा

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेकडचा जिल्हा. उत्तरेला मध्य प्रदेशचा बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली. तालुके आठ: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव.

२०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३ लाख २२ हजार. शंभरातले ८३ लोक खेड्यात राहतात. सुमारे १६ टक्के लोक आदिवासी आहेत, त्यात गोंड आणि हलबा प्रमुख. देवरी, सालेकसा आणि अर्जुनी मोरगावचा बराच भाग जंगलाचा आणि अनेक वर्षं नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेलेला.

इथली शेती मुख्यतः धानाची. धान निघाला की अनेक घरांतली माणसं मजुरीसाठी बाहेर पडतात. उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात मोठी माणसं पहाटेच जंगलात जातात. अशा वेळी घरातली मुलं आजी-आजोबांकडे, काका-मामांकडे असतात. यात वावगं काही नाही, ही इथली जुनी रीत आहे. अडचण होते ती सांभाळणारं माणूसच आजारी पडलं, वारलं किंवा बाहेर गेलेले आई-वडील परतलेच नाहीत तर.

आणि या मुलांबद्दल निर्णय घेणारी बाल कल्याण समिती असते जिल्ह्याच्या ठिकाणी. चिचगडच्या आजीला तिथे जायचं तर आधी देवरी, मग आमगाव, मग गोंदिया. जाऊन-येऊन एक दिवस आणि त्या दिवसाची मजुरी, दोन्ही गेलं.

'रिमांड होम' नावाचा गैरसमज

गावात बालसंरक्षण म्हटलं की लोकांना पहिल्यांदा 'रिमांड होम' आठवतं. त्यामुळेच अनेक घरं मदत मागायला कचरतात. 'साहेब लोक पोराला उचलून नेतील' ही भीती असते.

सध्या लागू असलेला बाल न्याय कायदा २०१५ चा आहे, १५ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांचे दोन गट केले आहेत.

पहिला, विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असं मूल. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि गरज पडल्यास त्याला निरीक्षणगृहात ठेवतात. लोक ज्याला रिमांड होम म्हणतात ते हे.

दुसरा, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक. अनाथ, सोडून दिलेलं, हरवलेलं, घरातून पळून आलेलं, भीक मागणारं, कामाला जुंपलेलं, छळ झालेलं, लग्न लावून दिलं जाण्याचा धोका असलेलं, किंवा पालक असूनही ते सांभाळू शकत नाहीत असं मूल. या मुलांनी काहीही चूक केलेली नसते. त्यांचं प्रकरण बाल कल्याण समितीकडे जातं.

या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला असावीच लागते. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि महिन्यातून किमान २० दिवस बैठक घेणं तिला बंधनकारक आहे. तिचं प्रत्यक्ष काम पुढे नेतो तो जिल्हा बाल संरक्षण कक्ष. घरी जाऊन चौकशी करणं, अहवाल लिहिणं, योजनांचे अर्ज पुढे नेणं ही कामं कक्षातले संरक्षण अधिकारी, सामाजिक कार्यकर्ते आणि क्षेत्रीय कार्यकर्ते करतात. आठ तालुक्यांच्या जिल्ह्याला कक्ष मात्र एकच.

गावात पहिला माणूस कोण?

जिल्हा लांब असला तरी गावात काही माणसं आधीच नेमलेली आहेत.

• अंगणवाडी सेविका: गावातल्या प्रत्येक लहान मुलाचं नाव तिच्या नोंदीत असतं. कुणाचं वजन घटलं, कुणाची आई माहेरी निघून गेली, हे तिला सगळ्यात आधी कळतं.

• ग्राम बाल संरक्षण समिती: सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. शाळा, आरोग्य आणि गावातल्या इतर लोकांचे प्रतिनिधी त्यात असतात.

• ग्रामसेवक: ग्रामीण भागात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर आहे.

• पोलीस पाटील, आशा आणि शिक्षक: गावात नवं मूल दिसलं किंवा रोजचं मूल दिसेनासं झालं, तर यांच्या लक्षात येतं.

• १०९८: मुलांसाठीची मोफत हेल्पलाईन, २४ तास सुरू. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आधी स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने चालायची. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली.

कागदावर ही साखळी पूर्ण आहे. पण ग्राम बाल संरक्षण समिती अनेकदा फलकावरच्या नावांपुरती उरते. त्याला कारणही आहे. सेविका त्याच गावची असते. शेजारच्या घरातल्या मारहाणीची किंवा ठरलेल्या लग्नाची माहिती तिने दिली, तर उद्या त्याच लोकांत तिला राहायचं असतं. म्हणून १०९८ वर नाव न सांगता माहिती देता येते, ही गोष्ट लहान गावात फार महत्त्वाची ठरते.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर 'गावातच मिटवू' म्हणायला कायद्यात जागाच नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला मराठी किंवा हिंदी नीट येत नसेल, ते गोंडी किंवा छत्तीसगढी बोलत असेल, तर जबाबासाठी दुभाषा देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

२४ तास, पण प्रवास वगळून

मूल सापडलं की त्याला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करायचं असतं. पण कलम ३१ मध्ये पुढे एक ओळ आहे: प्रवासाला लागणारा वेळ सोडून. म्हणजे गाव दूर असू शकतं, हे कायद्याने गृहीत धरलेलं आहे.

मूल कोण हजर करू शकतं? पोलीस, सरकारी कर्मचारी, हेल्पलाईनचे कार्यकर्ते, डॉक्टर, नर्स, सामाजिक कार्यकर्ता, कोणताही जागरूक नागरिक. मूल स्वतःसुद्धा जाऊ शकतं. समितीची बैठक सुरू नसेल तर एका सदस्यासमोरही हजर करता येतं. अंतिम निर्णयाला मात्र किमान तीन सदस्य लागतात.

त्यानंतर सामाजिक तपासणी होते. ती १५ दिवसांत पूर्ण करून पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश द्यायचा असतो. तपासणी म्हणजे कार्यकर्त्याने मुलाच्या गावी जाऊन घर पाहणं, नातेवाइकांशी, शिक्षकांशी बोलणं. सगळा निर्णय या अहवालावर उभा राहतो. पावसाळ्यात नाल्याला पूर आला, गावात फोनला रेंज नसली किंवा घरचे मजुरीला गेलेले असले, तर अहवाल लांबतो. आणि तो लांबला, की मूल तितके दिवस संस्थेत अडकतं.

संस्था हा शेवटचा उपाय

या कायद्याचं मूळ तत्त्व कलम ३ मध्ये आहे. मुलाच्या काळजीची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा सगळे पर्याय तपासून झाल्यावरचा शेवटचा उपाय.

म्हणजे समितीसमोर पहिला प्रश्न 'कुठल्या बालगृहात पाठवायचं?' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'हे मूल आपल्याच माणसांत सुरक्षित राहू शकतं का, आणि त्यासाठी त्यांना काय लागेल?'

उत्तर बहुतेक वेळा पैशाशी येऊन थांबतं. आजी नातवाला सांभाळायला तयार असते, पण वही, कपडे, दवाखाना कुठून करायचं? यासाठी दोन मुख्य योजना आहेत.

• क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना: ही राज्य सरकारची योजना. अनाथ, एकच पालक असलेली, पालक गंभीर आजारी असलेली किंवा कुटुंब मोडलेली मुलं यात बसतात. आधी महिन्याला ११०० रुपये मिळायचे, २०२३ मध्ये ते २२५० करण्यात आले. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत मदत मिळू शकते.

• मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व: ही केंद्र पुरस्कृत योजना. दरमहा ४००० रुपये. ग्रामीण भागासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२ हजार रुपये आहे.

दोन्हींचे अर्ज जिल्हा महिला व बाल विकास यंत्रणेकडे जातात, घरची चौकशी होते, मग मंजुरी मिळते.

कागद कुठे अडतो?

बालसंगोपन योजनेसाठी साधारण हे लागतं: मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, शाळेचा बोनाफाईड, बँक पासबुक, पालक वारले असतील तर मृत्यू दाखला, आणि घरासमोर काढलेला फोटो.

यादी छोटी वाटते. पण यातला प्रत्येक कागद वेगळ्या दारात मिळतो. मृत्यू दाखला ग्रामपंचायतीत, उत्पन्नाचा दाखला तालुक्याला, आधारमधली चूक दुरुस्त करायला आणखी एक फेरी. साठी उलटलेल्या, मजुरीवर जगणाऱ्या आजीसाठी प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला रोज.

सगळ्यात अवघड प्रकरण असतं ते वारलेल्या नाही, तर निघून गेलेल्या पालकाचं. वडील वारले आणि आई दुसरं लग्न करून गेली, किंवा बाप कामाला गेला तो परतलाच नाही. मेलेल्या माणसाचा दाखला मिळतो, निघून गेलेल्याचा मिळत नाही. अशा वेळी पंचनामा, ग्रामपंचायतीचं पत्र आणि कार्यकर्त्याचा अहवाल यांवरच त्या मुलाची मदत ठरते. म्हणून सरपंच किंवा सेविकेने वेळेत दिलेलं एक पानी पत्र हेसुद्धा बालसंरक्षणच असतं.

घराबाहेर राहायची वेळ आलीच तर?

काही मुलांना घरी ठेवणं धोक्याचं असतं, कारण छळ करणारा घरातलाच असतो. काहींना खरंच कुणी नसतं. तेव्हा हे पर्याय उरतात.

• बालगृह: नोंदणीकृत निवासी संस्था. नोंदणी नसताना मुलांना ठेवून घेणं गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो.

• विशेष दत्तक संस्था: सहा वर्षांखालच्या अनाथ, सोडून दिलेल्या किंवा समितीकडे सोपवलेल्या मुलांसाठी. आई-वडिलांनी मूल सोपवलं तरी त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली.

• प्रतिपालकत्व, म्हणजेच फोस्टर केअर: ठरावीक काळासाठी दुसऱ्या कुटुंबात राहणं. यात मुलाचं नाव बदलत नाही, वारसाहक्क येत नाही. मिशन वात्सल्यमध्ये यासाठीही दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे.

आता तुम्ही म्हणाल, आदिवासी भागात आश्रमशाळा आहेत की. पण आश्रमशाळा आणि बालगृह या वेगळ्या गोष्टी आहेत. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची, गोंदियात त्यासाठी देवरीला प्रकल्प कार्यालय आहे. ती निवासी शाळा आहे आणि सुट्टीत मूल घरी जातं, असं तिथे धरलेलं असतं. ज्याला जायला घरच नाही, त्या मुलाचं दिवाळीत आणि उन्हाळ्यात काय? म्हणून अनाथ मूल आश्रमशाळेत दाखल झालं म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही. त्याची नोंद बाल कल्याण समितीकडे असायला हवी, तरच त्याला योजनेचा लाभ आणि १८ नंतरची मदत मिळू शकते.

रेल्वे आणि राज्याची सीमा

गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचं मोठं जंक्शन. इथून बालाघाटकडे आणि चांदाफोर्टकडेही गाड्या जातात. त्यामुळे घरातून निघालेलं किंवा कामासाठी नेलं जाणारं मूल स्टेशनवर सापडू शकतं आणि ते दुसऱ्याच राज्यातलं असू शकतं. रेल्वे सुरक्षा दल 'नन्हे फरिश्ते' मोहिमेत अशा मुलांना ताब्यात घेऊन पुढे सोपवतं.

अशा मुलाला लगेच गाडीत बसवून परत पाठवत नाहीत. ते ज्या घरातून पळालं तिथे धोका आहे का, हे आधी पाहावं लागतं. कलम ९५ नुसार चौकशी करून, मुलाच्या जिल्ह्यातल्या समितीशी बोलून, मगच त्याला तिकडे पाठवायचा आदेश निघतो. मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस असावी लागते.

आपल्याच माणसांत का?

'संस्थेत निदान दोन वेळचं जेवण आणि शाळा तरी मिळेल' असं म्हणणं सोपं आहे. पण दुर्गम भागातली मुलं 'त्यांच्या भल्यासाठी' उचलून दूर नेण्याचा प्रयोग जगात झालेला आहे. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकात कित्येक दशकं आदिवासी मुलांना कुटुंबांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या घरांत ठेवलं गेलं. त्यांची भाषा आणि नाती तुटली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत त्यासाठी देशाच्या वतीने माफी मागितली. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदाच केला, की तिथल्या मूळनिवासी मुलाला दुसरीकडे ठेवायचं असेल तर आधी नातेवाईक आणि त्याच्याच जमातीतली घरं पाहायची.

गोंदियातली परिस्थिती वेगळी आहे, पण धडा लागू पडतो. गोंडी बोलणारं पाच-सहा वर्षांचं मूल दूरच्या शहरातल्या संस्थेत गेलं, तर आजीला भेटायला जाणं परवडत नाही. भेटी थांबतात, मूल बोली विसरतं आणि पुढे 'परत जायचं घर' नावालाच उरतं. गरिबी हे मुलाला घरापासून तोडण्याचं कारण होऊ नये. गरिबीसाठी २२५० किंवा ४००० रुपयांची तरतूद आहे आणि ती घरापर्यंत पोहोचवणं हे यंत्रणेचं काम आहे.

१८ पूर्ण झाल्यावर?

संस्थेत वाढलेल्या मुलाला वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी बाहेर काढायचं नसतं. कलम ४६ नुसार १८ ते २१ वयात अनुरक्षणाची, म्हणजे राहणं, शिक्षण, कौशल्य आणि पैशाची मदत मिळू शकते.

तुम्ही काय करू शकता?

१. अडचणीतलं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करा. तातडीचा धोका असेल तर ११२.

२. फोन करताना गाव, टोला, तालुका आणि जवळची खूण नीट सांगा. मोठ्या जिल्ह्यात एकाच नावाची गावं असतात, तालुका सांगितला नाही तर मदत भलतीकडे जाते.

३. सापडलेल्या मुलाचा फोटो, नाव, शाळा, गाव पोस्ट करू नका. कलम ७४ नुसार ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्याच्यापासून ते मूल पळालं त्याला तुमच्या पोस्टमधून पत्ता मिळतो.

४. 'दत्तक द्यायचे आहे' असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला १०९८ सांगा आणि स्वतःही तिथे कळवा.

५. मूल स्वतःच्या घरी ठेवून घेऊ नका. हेतू कितीही चांगला असला, तरी हरवलेलं किंवा एकटं सापडलेलं मूल २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न कळवणं हा गुन्हा आहे.

६. ओळखीतली एखादी आजी, मावशी किंवा एकटी आई मूल सांभाळत असेल, तर तिला बालसंगोपन योजनेची माहिती द्या. शक्य असेल तर तहसीलच्या एका फेरीला सोबत जा.

या यादीतली शेवटची गोष्ट व्हायरल होणार नाही. पण गोंदियासारख्या जिल्ह्यात मूल घरी राहणार की दूरच्या बालगृहात जाणार, हे कित्येकदा अशा एका फेरीवरच ठरतं.